ॲप नको, आधी यादी नीट करू

सोलापुरात एखाद्या सामाजिक कामाच्या बैठकीत 'हा आयटीवाला आहे' अशी माझी ओळख करून दिली की थोड्याच वेळात एक मागणी येते: "भाई, आपल्यासाठी एक ॲप बनवून द्या ना." शिष्यवृत्तीसाठी ॲप, रमजानच्या रेशन किटसाठी ॲप, रक्तदात्यांसाठी ॲप, कब्रस्तानच्या नोंदींसाठी ॲप. मागणारे मनापासून मागतात. कामाचा पसारा वाढलेला असतो, वह्या फाटलेल्या असतात, आणि मोबाईलवर सगळे जग चालते तर आपले काम का नाही, असे त्यांना वाटते.

मी अलीकडे बहुतेक वेळा नाही म्हणतो. आळस हे त्याचे कारण नाही. ज्या कामासाठी ॲप मागितले जाते ते काम समोरच्या कॉम्प्युटरवर आधीपासून असलेल्या एक्सेल आणि वर्डमध्ये, त्यातल्याही चार-पाच साध्या सोयींनी होण्यासारखे असते. एक्सेल विकत घेणे परवडत नसेल तर लिब्रे ऑफिस फुकट आहे, गुगल शीट फुकट आहे. तरी त्या सोयींकडे आपले लक्ष जात नाही. याची किंमत आपण कार्यकर्ते मोजत नाही. ज्यांच्या नावाने हे सगळे चालते तो विद्यार्थी, ती विधवा, ती विडी कामगार बाई मोजते. म्हणून हा विषय मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

चारशे नावांची यादी

एक उदाहरण घेऊ. समजा विजापूर वेस किंवा नई जिंदगी भागातल्या एका मंडळाने चारशे मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे ठरवले. चार कार्यकर्ते चार लॅपटॉपवर माहिती भरतात. शेवटी चारही याद्या एकत्र केल्या की कळते, काही मुले दोनदा आली आहेत, काहींचा उत्पन्नाचा दाखला नाही, काहींचे बँक खाते नाही.

आता पुढे काय होते? बहुतेक ठिकाणी यादीच्या प्रिंट काढल्या जातात. इशानंतर चार जण बसतात. एक नाव वाचतो, दुसरा पट्टी धरून खाली शोधतो, तिसरा लाल पेनने खूण करतो. तीन रात्री जातात. नाहीतर मंडळातला एखादा हुशार पोरगा 'मी प्रोग्राम लिहितो' म्हणतो आणि तीन रात्री त्यातही जातात.

सोपा रस्ता असा आहे. यादी मोबाईल नंबरने सॉर्ट करा. एकाच नंबरच्या नोंदी आपोआप एकाखाली एक येतात. किंवा नंबरांचा रकाना निवडून 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मधून 'डुप्लिकेट व्हॅल्यूज' घ्या, दोनदा आलेले नंबर रंगीत होतात. इथे एक सावधगिरी लागते. एका घरातल्या तीन भावंडांचा नंबर एकच, अब्बांचा, असतो. त्यामुळे रंगीत झालेली ओळ लगेच पुसायची नाही, फक्त डोळ्यांखालून घालायची. चारशेऐवजी आता तीस-चाळीस ओळीच पाहायच्या राहतात. मग 'उत्पन्नाचा दाखला' या रकान्यावर फिल्टर लावून 'नाही' निवडले की ज्या पालकांना निरोप द्यायचा त्यांची यादी तयार. वर्डमधल्या 'मेल मर्ज'ने प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी छापून निघते: मुलाचे नाव, अपुरा कागद, शेवटची तारीख. हे सगळे असर ते मगरिबच्या दरम्यान उरकते.

यात नवीन काय आहे? काहीच नाही. सॉर्ट, फिल्टर आणि मेल मर्ज ही नावे आपल्यातल्या अनेकांनी एमएस-सीआयटीच्या परीक्षेपुरती पाठही केली आहेत. परीक्षा झाली, प्रमाणपत्र भिंतीवर लागले. प्रत्यक्ष काम समोर आल्यावर मात्र हात पट्टी आणि लाल पेनाकडेच गेला.

मोहम्मद किती प्रकारे लिहायचा?

आपल्या याद्यांची एक खास अडचण आहे. नाव. मोहम्मद, मोहंमद, महंमद, मुहम्मद, मो. हे पाच वेगवेगळे लोक आहेत असे कॉम्प्युटर समजतो. शेख कुठे नावाच्या आधी, कुठे नंतर. आईच्या कार्डावर 'बी', दुसऱ्या कार्डावर 'बेगम', तिसऱ्यावर काहीच नाही. त्यात सोलापूर हे मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत बोलणारे शहर. उर्दूतले नाव मराठी कारकुनाने ऐकून लिहिलेले, त्याचे इंग्रजी स्पेलिंग तिसऱ्यानेच केलेले.

यावर उपाय म्हणून 'नावे जुळवणारे सॉफ्टवेअर' मागणारे लोक मला भेटले आहेत. तसे सॉफ्टवेअर करता येते आणि ते चुकतेही. सोपा उपाय हा की नाव जुळवायच्या फंदातच पडायचे नाही. माणूस ओळखायचा तो क्रमांकाने. शाळेच्या मुलाला जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो. शाळेचे नाव आणि तो क्रमांक एकत्र केला की मूल पक्के होते. शाळांची नावे प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने टाइप करू नयेत म्हणून 'डेटा व्हॅलिडेशन'ने ड्रॉपडाउन द्यायचा, म्हणजे ठरलेल्या यादीतूनच निवडावे लागते. नावाच्या रकान्याच्या डोक्यावर लिहायचे, 'आधार कार्डावर आहे तसे, अक्षर न बदलता'.

मतदार यादीचेही हेच आहे. आपले नाव यादीत नाही म्हणून लोक घाबरून येतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधलेले असते, स्पेलिंग जुळत नाही म्हणून ते सापडलेले नसते. तिथेच मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने, म्हणजे तीन अक्षरे आणि सात आकड्यांनी, शोधायची सोय आहे. नाव असेल तर त्याने लगेच समोर येते. चुकीचे असेल तर दुरुस्तीसाठी फॉर्म ८ भरायचा, खरोखरच नसेल तर फॉर्म ६. वस्तीत 'आमची नावे काढली' अशी हाकाटी उठण्याआधी हे पाच मिनिटांचे काम व्हायला हवे. ज्यांची नावे खरोखर गेली आहेत त्यांच्यासाठी लढायला मग ताकद उरते.

फॉन्टचाही प्रश्न याच घरातला. अजूनही काही संस्थांच्या फाइली जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्यात टाइप केलेले 'शेख' हे कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची जुळवणी असते, फक्त दिसते मराठी. फाइल दुसऱ्या मशीनवर गेली की सगळा गिचमिड काला होतो, शोध चालत नाही, सॉर्ट चालत नाही. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. आज प्रत्येक फोनवर आणि विंडोजवर ती तयार आहे. एकदा बसून फाइली युनिकोडमध्ये आणणे हा उपाय. त्याऐवजी दर वर्षी 'तोच जुना फॉन्ट कुणाकडे आहे का' म्हणून शोधाशोध चालते.

शेवटचा आकडा शून्य

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट सांगतो. एक्सेलमध्ये नुसता आकडा टाइप केला की ते त्याला संख्या समजते. बारा आकडी आधार किंवा भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक टाकला की मधेच 'ई' आणि अधिकचे चिन्ह असलेले काहीतरी दिसते. ते फक्त दिसण्यापुरते असते, मूळ आकडा शाबूत असतो. पण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे जपते. बँक खाते सोळा आकडी असेल तर सोळावा आकडा शून्य होतो, कायमचा. खाते शून्याने सुरू होत असेल तर पुढची शून्ये गळून पडतात. भरणाऱ्या मुलीने बरोबर भरलेले असते, तपासणारा पाहतो तेव्हा चुकलेले असते आणि बोल त्या मुलीला बसतो.

उपाय एका ओळीचा आहे. भरायला सुरुवात करण्याआधी तो रकाना निवडायचा आणि त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही ती संख्या नव्हे, ते नावच, एवढे लक्षात ठेवले की पुरे. खाते क्रमांक, मोबाईल, आधार, पिनकोड ही सगळी नावेच आहेत.

हे फक्त आपल्या मोहल्ल्यात घडते असे नाही. जनुकांची मार्च-१, सेप्ट-१ अशी छोटी नावे एक्सेल तारखा समजून बदलत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने त्यातली काही नावेच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतली जात होती, तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात आणि उरलेल्या बाहेर राहिल्या. नव्या प्रकारच्या फाइलमध्ये दहा लाखांहून जास्त ओळी मावतात. रुग्णांना त्यांचा निकाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना सावध करायला उशीर झाला. मोठमोठ्या पदव्यांचे लोक, श्रीमंत देशाची सरकारी यंत्रणा, आणि अडले ते फाइलच्या प्रकारावर.

मग दिसत का नाही?

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन भांडी आहेत, २१, १२७ आणि ३ मापांची. त्यांनी १०० मापे पाणी मोजून द्या. उत्तर असे: मोठे भांडे भरा, त्यातून मधले एकदा आणि छोटे दोनदा काढा. १२७ वजा २१ वजा ६. अशी काही कोडी एकाच रीतीने सोडवून झाल्यावर नवे कोडे दिले: भांडी २३, ४९ आणि ३, हवीत २० मापे. बहुतेकांनी पुन्हा तीच लांबची रीत वापरली. २३ मधून ३ काढले की झाले, हे त्यांना दिसले नाही. ज्यांनी आधीची कोडी सोडवली नव्हती त्यांना ते चटकन दिसले.

म्हणजे माहीत असलेली एक रीत दुसरी सोपी रीत झाकून टाकते. ज्याला पट्टी-पेन माहीत त्याला पट्टी-पेनच दिसते. ज्याला प्रोग्राम लिहिता येतो त्याला प्रत्येक ठिकाणी प्रोग्रामच दिसतो. माझ्या व्यवसायातले लोक या दुसऱ्या गटात येतात, आणि आमचा दोष जास्त, कारण लोक आमच्यावर विश्वास ठेवून बसलेले असतात.

पण आपल्या समाजात याला आणखी दोन कारणे जोडली जातात. पहिले प्रतिष्ठेचे. ॲपचे उद्घाटन होते. हार, माइक, फोटो, पाहुणे. 'आम्ही खाते क्रमांकाचा रकाना टेक्स्ट केला' याचे उद्घाटन कोण करणार? देणगीदारालाही दाखवण्यासारखे काही हवे असते. माझ्या माहितीतल्या एका संस्थेने अशा ॲपवर चंद्याचे चांगले पैसे घातले. पुढच्या वर्षी ते चालवायला कुणी नव्हते आणि कार्यकर्ते पुन्हा वहीवर आले.

दुसरे कारण मला जास्त टोचते. माहिती भरायचे काम बहुतेक ठिकाणी मुली करतात. बारावी झालेल्या, बीकॉमला असलेल्या, टायपिंग येणाऱ्या. कुठला पालक कुठला कागद विसरतो, कुठल्या रकान्यात नेहमी गोंधळ होतो, कोणाची नोंद दोनदा येते, हे त्यांना तोंडपाठ असते. निर्णय मात्र ज्या खोलीत होतो तिथे त्या नसतात. तिथे जे बसतात त्यांनी ती फाइल कधी उघडलेली नसते. सोपा उपाय अनेकदा त्या मुलीला माहीत असतो, फक्त तिला कुणी विचारलेले नसते. समतेची भाषा आपण व्यासपीठावरून बोलतो. ती भाषा खरी आहे का, हे एक्सेलची फाइल कोण भरते आणि तिच्याबद्दल कोण ठरवते यावरूनही कळते.

वजा करायला शिका

२०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात असे दिसले की एखादी गोष्ट सुधारायला सांगितली की माणसे त्यात भर घालतात. काहीतरी काढून टाकूनही ती सुधारेल, हे बऱ्याच जणांना सुचत नाही. 'काढलेही चालेल' अशी आठवण करून दिली की सुचू लागते.

आपले अर्ज बघा. रेशन किटसाठी आधार क्रमांक कशाला? दरवर्षी रकाने वाढत जातात आणि ती फाइल व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपवर फिरते: नाव, पत्ता, आधार, खाते, विधवा की परित्यक्ता. ज्यांना आपण मदत करतो त्यांची सगळी अब्रू आपण चव्हाट्यावर ठेवतो. त्या माहितीला 'पासवर्ड कसा लावायचा' असे मला विचारले जाते. माझे उत्तर, तो रकानाच काढून टाका. जी माहिती तुमच्याकडे नाही ती फुटू शकत नाही. यापेक्षा सोपी आणि पक्की सुरक्षा कुठल्याही कंपनीकडे नाही.

जिल्ह्यातलेच एक उदाहरण

आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरचे ते बक्षीस, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. त्यांचे गाजलेले काम काय होते? पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापणे. मुलाने फोन धरला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो. क्यूआर कोड त्यांनी शोधलेला नव्हता. तो १९९४ पासून जपानमध्ये होता, मोटारींच्या सुट्या भागांवर लावला जाई. डिसले यांनी मुलांच्या हातात आधीच असलेले पुस्तक आणि घरात आधीच असलेला फोन यांच्यामध्ये एक काळा-पांढरा चौकोन ठेवला. पुढे राज्याने पाठ्यपुस्तकांत ही पद्धत घेतली. साधे म्हणजे कमी दर्जाचे, असे मानणाऱ्यांनी हा चौकोन आठवावा.

काही मित्र म्हणतात, "जग एआयकडे चालले आहे आणि तू आमच्या पोरांना सॉर्ट-फिल्टर शिकवतोस. आपण मागेच राहायचे का?" प्रश्न रास्त आहे. एआय जरूर शिका, प्रोग्रामिंगही शिका, त्यात नोकऱ्या आहेत आणि आपल्या मुलामुलींचा त्यावर हक्क आहे. एक्सेललाही मर्यादा आहेत, इंग्लंडचे उदाहरण त्याचेच आहे. दहा गावांतले शंभर लोक एकाच वेळी नोंदी करणार असतील तर खरेच वेगळी व्यवस्था लागते, आणि तेव्हा मी स्वतः ती बांधायला बसेन. पण ज्या यादीत एक मूल तीनदा आहे आणि खात्याचा शेवटचा आकडा खोटा आहे, ती यादी एआयला दिली तरी चुकीचेच काम होणार, फक्त वेगाने. सोपा उपाय ओळखता येणे ही माझ्या धंद्यात अनुभवी माणसाची खूण समजली जाते.

हिशोब आणि नोंद ही आपल्याला परकी गोष्टही नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. जकात हा तर हिशोबावरच उभा असलेला फर्ज आहे. नीट नोंद ठेवणे हा अमानतीचा भाग आहे आणि गलथान यादी ही खयानतीच्या जवळ जाणारी गोष्ट आहे, असे मी मानतो.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना माझे एवढेच सांगणे. पुढच्या वेळी कुणी 'ॲप बनवू' म्हणाले की अर्धा तास मागून घ्या. काम काय आहे ते एका वाक्यात फळ्यावर लिहा. ते काम आज हाताने जी व्यक्ती करते तिला खुर्चीवर बसवा आणि बाकीच्यांनी ऐका. मग तीन प्रश्न विचारा. यातले काय काढून टाकता येईल? उरलेल्यासाठी आपल्याकडे आहे त्या सॉफ्टवेअरमध्ये काही सोय आहे का? ही यादी पुढच्या वर्षी कोण सांभाळणार? तिन्ही उत्तरे मिळूनही ॲपच हवे असे ठरले तर जरूर करा. बहुतेक वेळा ते ठरणार नाही, वाचलेले पैसे फीसाठी लागतील आणि वाचलेल्या रात्री अभ्यासिकेसाठी.